कर्नल पडला

५ जानेवारी, सोमवार

आज सुरू झालं! घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

नरसय्या अण्णांच्या टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढणाऱ्या आठ जणी आहेत. मोर, वेलबुट्टी, हॉटेलांची नावं, जे काही विणायचं ते त्या कॉम्प्युटरवर काढतात आणि तिथून ते मागावर जातं. त्यांचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की जुन्या विंडोजशिवाय हलत नाही, आणि ते जुने कॉम्प्युटर एकेक करून मरत चाललेत. माझी कल्पना अशी, की एकच दणकट सर्व्हर घ्यायचा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं आणि त्याच्या पोटात जुन्या विंडोजच्या आठ व्हर्च्युअल मशीन चालवायच्या. टेबलावर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. पोटातल्या प्रत्येक मशीनला वाटतं की आपण खराखुरा कॉम्प्युटर आहोत.

अण्णांना समजावताना मी चाळीचं उदाहरण दिलं. एक इमारत, आठ बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळं. एका घरात भांडी आदळली तरी शेजारच्याला त्रास नाही.

अण्णा म्हणाले, "आनि इमारतच पडली तर?"

"इमारत पडत नसते, अण्णा."

पुण्याची चांगली नोकरी सोडून मी सोलापुरात परत आले ती ह्याच्यासाठी. अण्णांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाला नवे नमुने जायचेत. जमलं तर अक्कलकोट रोडवरचे बाकीचे कारखानदार वाट बघतच बसलेत. नाही जमलं तर अण्णा जुने कॉम्प्युटर परत मांडणार, आणि मग मला ह्या रस्त्यावर कोण दारात उभं करणार?

युवराजनं वायरिंग झकास केलंय. युवराज शिंगटे, करकंबचा, डिप्लोमा झालेला, माझ्याकडचा एकमेव पगारी माणूस. दिवसभर तोंड चालू असतं, पण हात त्याहून जास्त चालतात.

डिझाइनच्या खोलीत अण्णांनी भिंतीवर ठळक रंगवून घेतलंय, 'जागेवरून उठताना कॉम्प्युटर बंद करणे'. विजेच्या बाबतीत अण्णा फार कडक. बायका इतक्या सरावल्यात की चहाला उठल्या तरी बंद करून उठतात. मला हसू आलं. माझी मशीन बंद केली काय, चालू ठेवली काय, सर्व्हर तर चालूच राहणार! पण पहिल्याच दिवशी कुठं वाद घाला.

६ जानेवारी, मंगळवार

पडली. इमारत पडली.

दुपारी सगळ्याजणी डबे काढत होत्या आणि आठही स्क्रीन एकदम काळे. मी सर्व्हरकडं धावले. त्याच्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांचा पूर आणि तळाशी 'कर्नल पॅनिक'. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, इमारतीचा पाया म्हणा. तो पडला की सगळं पडतं.

अण्णा दारात. "काय झालं ओ?"

"कर्नल पडला, अण्णा."

"कोन कर्नल?" अण्णा खिडकीतून रस्त्यावर बघायला लागले. "मिल्ट्रीवाला? कुटं पडला?"

बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले, पण मला काही उमजेना. घरी ह्याच सर्व्हरवर मी आठही मशीन कितीतरी दिवस चालवून बघितल्या होत्या. एकदाही पडला नव्हता.

परत चालू केला. चाललं. उद्या बघू.

खरं सांगू का, डायरीलाच सांगते, मला थोडा आनंद झाला. पुण्यात सर्व्हर पडला की आम्ही दुसऱ्या खात्याला तक्रारीचं तिकीट पाठवून गप्प बसायचो. हे माझं यंत्र आहे. हे मीच उलगडणार.

८ जानेवारी, गुरुवार

काल दोनदा, आज तीनदा. कधी चहाच्या वेळी, कधी जेवणाच्या, कधी संध्याकाळी सुटताना.

आज रेश्माताईंचं डिझाइन गेलं. त्या इथल्या सगळ्यात जुन्या डिझायनर, अण्णासुद्धा त्यांना अहो-जाहो करतात. सकाळपासून कमळाची किनार काढत होत्या. शेजारी बसणाऱ्या महादेवीनं चहाला उठताना आपली मशीन बंद केली आणि रेश्माताईंचा स्क्रीन काळा झाला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "महेश्वरी, माझा जुना डबडा कॉम्प्युटर रोज पडायचा, पण तो पडला तर एकटाच पडायचा."

मला वाटतं हे ओझ्यानं होतंय. सकाळपासून आठही जणी जोरात काम करतात, ताण साठत जातो आणि जेवणापर्यंत यंत्राचा दम संपतो. रॅम खराब असणार. रॅम युवराजनं आणली होती, पुण्याच्या त्याच्या कुठल्याशा ओळखीतून. मी त्याला तसं म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "रॅम नवी हाय म्याडम. शील मी तुमच्याम्होरं फोडलं की."

"मग काय असेल?"

"मला तर असं दिसतंय, बायका जेवायला उठल्या की पडतंय. बसल्याल्या असत्यात तवर न्हाय पडत."

ह्याला प्रत्येक गोष्टीत जेवण दिसतं. मी म्हणाले, "युवराज, कॉम्प्युटरला भूक लागत नाही." तो टेस्टर घेऊन उठला. मग यूपीएसचं अर्थिंग बरोबर नसेल असं म्हणाला आणि तासभर ते तपासत बसला. ते बरोबर निघालं.

१० जानेवारी, शनिवार

युवराज रॅम बदलून आणायला पुण्याला गेला. मी कुरिअरनं मागवू म्हणत होते, तर म्हणाला, "न्हाय, मीच जातो. कुर्डुवाडीवनं सकाळची गाडी हाय."

इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट! रॅम बदलायला कुणी बूट घालून जातं का? कालपासून त्याला सारखे फोन येतायत आणि हा उठून जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलतो. काल संध्याकाळी तर इंग्रजीत बोलत होता. मी ओळखलं. स्थळ आलंय! मुलगी पुण्याची, शिकलेली असणार. मी चिडवलं, "कांदेपोहे खाऊन ये बरं." तो कसनुसा हसला. "बघू म्याडम काय हुतंय त्ये."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पोरगं गुणाचं आहे. त्याला जरा धरून ठेव." मी म्हटलं, लग्न करून कुठं जाणार आहे तो, इथंच तर काम आहे.

११ जानेवारी, रविवार

कारखाना चालू होता. नवी रॅम घातली. दिवसभर यंत्र घड्याळासारखं चाललं. माझ्या तोंडावर हसू मावत नव्हतं. संध्याकाळी बायका आवरायला लागल्या आणि धाडकन.

रॅम नव्हती तर.

युवराजला 'चुकलं माझं' असं म्हणायला हवं होतं. म्हणाले मी, पण 'चला, एक शक्यता गेली' असं म्हणाले. ते तेच झालं ना?

१४ जानेवारी, बुधवार

गड्ड्याची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामाची यात्रा. कारखाना चार दिवस बंद. सगळं सोलापूर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर, आणि मी मात्र अण्णांच्या वॉचमनकडून किल्ली घेऊन रिकाम्या कारखान्यात. काय शांतता! एरवी मागांच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही.

मी एक डाव टाकलाय. आठही मशीनवर खोटं काम लावलंय. आठ जणी कधीच करणार नाहीत इतकं, म्हणजे गणितं, मोठमोठ्या फायलींची उचलाउचल, सगळं एकदम. पंखे विमानासारखे घुमतायत. ओझ्यानं पडत असेल तर आता पडेलच. पड बाबा, एकदाचा पड, म्हणजे मला बघता येईल.

सकाळी लावलं. दुपारी आईबरोबर मिरवणूक बघून, होम मैदानावर पाळण्यात बसून (आई पाळण्यात डोळे मिटून सिद्धरामाचं नाव घेत होती!) परत आले. उभाच. पंखे घुमतायत, पठ्ठ्या उभाच.

१७ जानेवारी, शनिवार

सापडलं!! सापडलं सापडलं सापडलं!

सगळी सुट्टी यंत्र त्या राक्षसी ओझ्याखाली चाललं आणि हललं नाही. म्हणजे ओझं नव्हेच. मी पार गोंधळले. आज सकाळी जाऊन म्हटलं, उद्या बायका येतील, खोटं काम काढून टाकू. एकेक मशीन बंद करायला घेतली. पहिली बंद. दुसरी बंद. तिसरी बंद केली आणि माझ्या डोळ्यांसमोर सर्व्हर आडवा!

परत चालू केला. ओझं काहीच दिलं नाही. नुसती मशीन चालू करायची, बंद करायची. चालू, बंद, चालू, बंद. पडला!

तो ओझ्यानं पडतच नव्हता. बंद करताना पडत होता! घरी मी कधी मशीन बंदच केल्या नव्हत्या, म्हणून घरी दिसलं नाही. आणि इथं अण्णांच्या भिंतीवरच्या त्या पाटीपायी बायका उठता-बसता बंद करतात.

रिकाम्या कारखान्यात मी चक्क टाळ्या वाजवल्या. वॉचमन बघायला आला.

लगेच युवराजला फोन केला. तो गावी होता. "युवराज, मला सापडलं! मशीन बंद केली की पडतो!"

 तो म्हणाला, "तेच म्हनलो हुतो की मी. उठल्या की पडतंय."

"हो हो, पण तू जेवणाचं म्हणत होतास."

"व्हय," तो म्हणाला. "जेवणाचं."

रेंज नव्हती बहुतेक, फोन कट झाला.

१९ जानेवारी, सोमवार

अण्णांच्या हातापाया पडून बायकांना सांगितलंय, दिवसभर कुणीही मशीन बंद करायची नाही. अण्णांना वीज जळताना बघवत नाही, सारखे खोलीत डोकावतात. पण सर्व्हर पडला नाही. रेश्माताईंनी कमळ पुन्हा काढलं.

पण रोज रात्रंदिवस चालू ठेवणं हे काही उत्तर नव्हे. ही जुनी विंडोज दोन दिवस चालू राहिली की जड होते, अडखळते, तिला बंद करून उठवावंच लागतं. आणि अण्णांनी साफ विचारलं, "दार लावलं की पडनारी इमारत मी का म्हून ठेवू?"

म्हणून संध्याकाळी बायका गेल्यावर आम्ही दोघं बसलो. एक नववी मशीन केली, नुसती छळायला. एकेक अवयव काढून बघायचा. आवाजाचं काढलं, तरी पडला. डिस्क बदलली, तरी पडला. मग मी नेटवर्क काढलं. चालू, बंद, चालू, बंद... पडेना! परत जोडलं, पडला!

मी पडल्यावेळचा तो अक्षरांचा पूर पुन्हा नीट वाचला. त्यात नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव होतं. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला तो तुकडा जो कार्डाशी बोलतो. मला हळूहळू चित्र दिसायला लागलं. मशीन बंद झाली की तिची वायर सगळ्यांच्या सामायिक बोर्डातून निघते. तेव्हा कर्नल कार्डाला कळवतो, 'एक बिऱ्हाड गेलं.' आणि ड्रायव्हर वेंधळ्यासारखा त्या गेलेल्या बिऱ्हाडाचीच कडी वाजवायला जातो. तिथं घरच नाही, मोकळी हवा. तोल गेला की सगळी इमारत घेऊन पडतो.

युवराज म्हणाला, "मग दुसऱ्या कार्डावर पडायला नको." पळत जाऊन भंगारातल्या कॉम्प्युटरचं एक जुनं, वेगळ्या जातीचं कार्ड उपटून आणलं, बसवलं. नाही पडला! कितीही छळला तरी नाही पडला.

आम्ही वेड्यासारखे एकमेकांकडं बघून हसत होतो. त्याचे हात कोपरापर्यंत धुळीनं काळे.

जुनं कार्ड फार हळू आहे, मोठं डिझाइन मागावर जायला चहा होतो. पण वेळ मिळाला.

२० जानेवारी, मंगळवार

कर्नल बनवणारे लोक जगभर पसरलेले असतात आणि एका उघड्या ईमेल यादीवर बोलतात. कुणीही लिहू शकतं. आज मी लिहिलं. पाच वेळा खोडलं. काय होतं, कधी होतं, हमखास पाडायचं कसं, माझा अंदाज काय. खाली नाव, महेश्वरी बिराजदार, सोलापूर.

पाठवताना बारावीच्या निकालासारखं वाटलं. तिथं मोठमोठी डोकी. हसतील का? कदाचित बघणारही नाहीत.

२१ जानेवारी, बुधवार

उत्तर आलं!!

टोमास म्हणून कुणी आहे, चेक देशात राहतो, तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांपैकी एक. लिहितो, 'काही लोकांनी असं पडल्याचं कळवलं होतं, पण कधी पडतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तुमची कृती वापरली आणि माझ्या टेबलावरचा सर्व्हर पहिल्या फटक्यात पडला. मी इतका खूश कधी झालो नव्हतो.' सोबत पॅच. म्हणजे दुरुस्तीच्या थोड्याशा ओळी, करून बघा म्हणून.

मी उड्या मारल्या. आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली. "एन आत?" आमच्या घरच्या कानडीत, काय झालं?

"आई, माझ्या सांगण्यावरून चेक देशात एक सर्व्हर पडला!"

आई म्हणाली, "अय्यो, मग त्यांची माफी माग की."

२३ जानेवारी, शुक्रवार

काल पॅच घालून कर्नल नव्यानं बनवला. नवं कार्ड परत बसवलं. चालू, बंद. पडला.

मला रडूच आलं. युवराज म्हणाला, "थांबा, नीट बघू. आधीसारखाच पडलाय का येगळा?" आम्ही दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून बघितले. वेगळा होता. आधी ड्रायव्हर गेलेल्या बिऱ्हाडाची कडी वाजवत होता. आता आधी विचारतो, आहे का कुणी? पण विचारणं आणि कडी वाजवणं ह्यांच्या मधल्या क्षणात बिऱ्हाड निघून जातं. हे मला अचानक इतकं स्वच्छ दिसलं की खुर्चीवरून उठलेच. बिऱ्हाडाला तेवढा क्षण थोपवून धरणारं कुलूप टोमासनं चुकीच्या जागी लावलंय! ते एक पायरी वर लावायला हवं. टोमासला तसं लिहिलं. ओळीचा क्रमांकसुद्धा दिला.

तासाभरात त्याचं एका शब्दाचं उत्तर, 'अर्थातच.' आणि नवा पॅच.

आज सकाळपासून सर्व्हर त्याच्यावर आहे. छळणारी मशीन सतत उघडझाप करतेय. उभा आहे. सांज झाली. उभा आहे!

२४ जानेवारी, शनिवार

पॅच यादीवर गेला. सोबतच्या मजकुरात लिहिलंय, 'कळवणारी आणि तपासणारी: महेश्वरी बिराजदार'. हे कर्नलच्या इतिहासात राहणार. जगात जिथं जिथं लिनक्स आहे तिथं.

प्रिंट काढून आईला दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, तिनं माझं नाव तेवढं बोटानं शोधून काढलं आणि कागदाला हळदीकुंकू लावलं. मग म्हणाली, "आणि त्या पोराचं कुठलं?"

मी म्हणाले, "आई, मेल मी लिहिला होता." तिला कुठं कळणार ह्यातलं.

युवराजलाही दाखवलं. "भारी," म्हणाला. खरंच भारी म्हणाला. मग फोन आला आणि जिन्यात गेला.

२७ जानेवारी, मंगळवार

आजचं लिहायला दोनदा बसले आणि उठले.

दुपारी पुण्याहून एका कंपनीचा फोन. गोड आवाजाची बाई. "युवराज शिंगटे ह्यांची निवड आमच्याकडं जवळजवळ नक्की झालीय. त्यांनी सध्याच्या कामासाठी तुमचा नंबर दिलाय. थोडं विचारू का?"

स्थळ नव्हतं तर. नोकरी होती. मूर्ख मी! बूट, इंग्रजी, पांढरा शर्ट. आधी रागच आला. माझ्या कामाच्या दिवशी, माझ्या रॅमच्या नावाखाली!

पण ती बाई विचारत होती आणि मी उत्तरं देत होते. कामाला नियमित? हो. विश्वासू? हो, शंभर टक्के. मग म्हणाली, "त्यांनी केलेलं एखादं महत्त्वाचं काम सांगाल का?"

मी म्हणाले, "आमचा सर्व्हर पडत होता. का पडतो ते मला कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं सांगितलं की बायका उठल्या की..."

आणि मी थांबले.

"हॅलो? मॅडम? ऐकू येतंय का?"

पहिल्याच आठवड्यात. त्यानं. सांगितलं होतं. आणि मी म्हणाले होते, कॉम्प्युटरला भूक लागत नाही. आणि ज्या दिवशी मला 'सापडलं', त्या दिवशी रेंज नीट होती. मला ते तेव्हाही माहीत होतं.

मी वाक्य पूर्ण केलं. सगळं सांगितलं. भंगारातलं कार्डही सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा, फारच चांगला उमेदवार दिसतोय." मी म्हणाले, हो, माझ्याकडचा सगळ्यात चांगला आहे. एकच आहे हे नाही सांगितलं.

खोटं सांगितलं असतं तर तो राहिला असता का, हा विचार मनात आला. आला म्हणून लिहून ठेवते.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी यादीवर टोमासला लिहिलं. पॅच अजून कायमचा झालेला नाही, तोवर एक दुरुस्ती करा. मशीन बंद होताना पडतो हे आधी युवराज शिंगटे ह्यांच्या लक्षात आलं. मी नंतर त्याची खात्री केली.

टोमासचं उत्तर, 'बदललं. त्यांचं नाव कसं उच्चारतात?'

कंपनीच्या फोनबद्दल युवराजला काहीच बोलले नाही. त्याचं त्यानं सांगावं.

३१ जानेवारी, शनिवार

नमुने काल गेले! वेळेत! आणि आज अण्णांनी शेजारचे तीन-चार कारखानदार बोलावले होते. बघा म्हणाले, आमच्या खोलीतली चाळ.

खोलीत पाय ठेवायला जागा नाही. अण्णा एकदम गंभीर. "म्याडम, नुसतं चालू दाखवू नका. बंद करून दाखवा."

मी रेश्माताईंकडं बघितलं. त्या उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या बाईंसारख्या म्हणाल्या, "चला गं, मी म्हणाले की सगळ्यांनी एकदम. आत्ता!"

आठ जणींनी एकदम बंद केलं. असं मी छळतानासुद्धा कधी केलं नव्हतं!  युवराज सर्व्हरपाशी उभा होता. त्यानं स्क्रीनवर नजर लावलेली, ओठ घट्ट.

"कर्नल?" अण्णांनी विचारलं.

"हुबा हाय," युवराज म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, "हुबा हाय की ओ!"

काय टाळ्या! अण्णांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना पेढा भरवला, सर्व्हरच्या डोक्यावरसुद्धा एक ठेवला. मी घाईघाईनं उचलून खाल्ला, मुंग्या नकोत.

२ फेब्रुवारी, सोमवार

युवराज आज लवकर आला. बसला नाही. "म्याडम, पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंय मला."

"माहितेय. त्यांचा फोन आला होता."

"काय सांगितलं तुमी?"

"खरं ते."

तो मान खाली घालून हसला. "यादीवरचा मेल बी वाचला मी. रॅमचं बोललात त्या दिवशीच अर्ज टाकला हुता. लई राग आल्ता."

"यायलाच हवा होता. चुकलं माझं, युवराज." ह्या वेळी नीट म्हणाले. "कधी जायचंय?"

"न्हाय म्हनून कळवलं सकाळी." मी बघतच राहिले. "बघून आलो की तितं. सगळं थंडगार, चकाचक, काय पडतच न्हाय. माणूस करनार काय दिवसभर? हितं कसं, रोज काय ना काय पडतंय."

मला इतकं हसू आलं! तो मात्र हसला नाही. "पन एक हाय. पगारी म्हनून न्हाय ऱ्हानार आता. भागीदार म्हनून ऱ्हातो."

माझं हसू तिथंच थांबलं. खोटं का लिहू? पहिला विचार आला, कल्पना माझी, नोकरी मी सोडली, अण्णांना पटवलं मी. मी म्हणाले, "विचार करते."

"करा की," तो म्हणाला आणि टेस्टर घेऊन कामाला लागला.

४ फेब्रुवारी, बुधवार

संगप्पा म्हणून शनिवारच्या कारखानदारांपैकी एक, चादरींचा कारखाना, त्यांनी आज बोलावलं. युवराजच्या मोटारसायकलवर गेलो. अण्णांच्या दुप्पट खोली, आणि त्यांना सगळं हवंय, डिझाइनसुद्धा आणि हिशेबाचे कॉम्प्युटरसुद्धा! युवराज बोलायला लागला की मी वाक्य पुरं करत होते आणि मी अडले की तो. संगप्पा मान डोलावत ऐकत होते. माझं आडनाव कळल्यावर ते कानडीत सुरू झाले. गाव कुठलं, घरी कोण कोण, चौकशी झाली. मग आमच्या दोघांकडं आलटून पालटून बघत म्हणाले, "मालकरु यार्री?" मालक कोण?

दोन दिवस विचार करत होते. उत्तर द्यायला काही वेळ लागला नाही.

"इब्बरूरी," मी म्हणाले.

संगप्पांनी बरं म्हटलं आणि चहा मागवला.

बाहेर आल्यावर युवराजनं विचारलं, "काय म्हनत हुते ओ ते कानडीत?"

"मालक कोण, असं विचारत होते."

"मग? तुमी काय म्हनला?"

"दोघं, म्हणाले."

तो मोटारसायकलपाशी गेला आणि खिसे चाचपायला लागला. शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा. मग मलाच विचारलं, किल्ली तुमच्याकडं दिली का.

किल्ली गाडीलाच होती.